एस्प्रेसोचे यंत्र घेण्याआधी जात्याचा हिशेब

आपल्या घरांचा दिवस चहावर मोजला जातो. सकाळी चहा-पाव, असरनंतर पुन्हा एकदा, आणि मेहमान आले तर वेळ न बघता. तरीही अलीकडे बऱ्याच घरांत एक नवी मागणी ऐकू येते. दुबई किंवा मस्कतहून सुटीवर आलेला मुलगा, पुण्यात नोकरी करणारी मुलगी, कॉलेजात जाणारे भाचे-पुतणे म्हणतात, "अब्बा, घरीच कॉफीचं यंत्र घेऊ या ना! बाहेर एका कपाला दोनशे रुपये जातात."

मागणी रास्त आहे. पण बाजारात गेल्यावर चार हजारांपासून लाखापर्यंत यंत्रे दिसतात, सगळ्यांवर 'एस्प्रेसो' हाच शब्द लिहिलेला असतो आणि दुकानदार सगळ्यांची तारीफ एकाच सुरात करतो. मग बहुतेक घरांत सर्वात स्वस्त यंत्र येते, पंधरा दिवस उत्साहाने चालते आणि नंतर पोटमाळ्यावर जाते. पाच हजार रुपये म्हणजे एखाद्या घराचा महिन्याचा किराणा. तो असा धूळ खात पडू नये म्हणून हा लेख. आम्ही येथे अमुकच कंपनीचे घ्या असे सांगणार नाही. पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा, एवढे नीट मांडू.

एस्प्रेसो म्हणजे नेमके काय?

एस्प्रेसो ही कॉफी करण्याची एक पद्धत आहे. बारीक दळलेली सुमारे १६ ग्रॅम पूड एका जाळीच्या वाटीत दाबून बसवतात. तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलतात. २५ ते ३० सेकंदांत साधारण पूडीच्या दुप्पट वजनाची, म्हणजे ३२ ते ३६ ग्रॅम दाट कॉफी खाली उतरते. तिच्यावर तांबूस फेसाचा थर असतो, त्याला क्रेमा म्हणतात. कॅपुचिनो, लाटे ही सगळी यातच दूध मिसळून केलेली रूपे आहेत.

नऊ बार म्हणजे किती? घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारने जास्त असतो. एस्प्रेसोला त्याच्या नऊपट दाब हवा, आणि तोही पाणी उकळू न देता. सगळी अडचण या एका वाक्यात आहे. नुसती वाफ कोंडून दाब वाढवायचा म्हटले तर पाणी शंभर अंशांच्या पुढे जाते आणि कॉफी करपट, कडू होते.

वाफेचे यंत्र आणि पंपाचे यंत्र

कॉफी जगाला दिली ती यमनने. पंधराव्या शतकात तिथल्या सूफी मंडळींत रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला हे पेय घेतले जाई, आणि मोखा बंदरातून कॉफीचे बी दूरवर जाई. आपल्याकडे हजरत बाबा बुदन यांनी हजहून परतताना यमनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरेने सांगितले जाते. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. दाबाने कॉफी काढण्याची कल्पना मात्र इटलीची. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. ते वाफेच्या जोरावर चाले आणि दाब दीड-दोन बारच्या आसपास मिळे. अकिले गाजिया यांनी १९३८ मध्ये वाफेवाचून चालणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा ओढून स्प्रिंगने दाब देणारी त्यांची यंत्रे आली. क्रेमा असलेली कॉफी तेव्हापासूनची. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई ६१' या यंत्राने विजेच्या पंपाचा रस्ता रूढ केला.

हा इतिहास सांगायचे कारण असे की आज चार ते सहा हजारांत मिळणारी बहुतेक छोटी यंत्रे कामाच्या तत्त्वाने १९०१ सालातच आहेत. वरच्या झाकणातून पाणी भरायचे, झाकण घट्ट करायचे, पाणी उकळून वाफ झाली की तीच वाफ पाण्याला पूडीतून ढकलते. दाब तीन ते पाच बार असल्याचे खोक्यावर लिहिलेले असते. यातून कडक, गरम कॉफी मिळते आणि दूध-साखर घालून ती चांगलीही लागते. पण कॅफेतल्या एस्प्रेसोची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पाण्याची टाकी काढता-घालता येते आणि कॉफी काढताना यंत्र घर्रर्र असा आवाज करते, तर आत पंप आहे. पाणी वरच्या धातूच्या टाकीत ओतून झाकण आवळावे लागत असेल, तर ते वाफेचे. घरी एस्प्रेसोच हवी असेल तर पंपाच्याच यंत्राचा विचार करावा. ती साधारण आठ-दहा हजारांपासून सुरू होतात.

'वीस बार' पाहून भुलू नका

मुंबईतल्या एका दुकानात आम्ही दोन यंत्रांतला फरक विचारला. विक्रेता म्हणाला, "हे पंधरा बारचं आहे आणि हे वीस बारचं, म्हणजे हे जास्त पॉवरफुल." दुसऱ्याची किंमत तीन हजारांनी जास्त होती.

पंधरा किंवा वीस हा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला हवेत नऊच. चांगल्या यंत्रांत पंपापुढे एक झडप असते, ती जास्तीचा दाब सोडून देते. म्हणजे वीस बारच्या पंपाने कॉफी अधिक चांगली होत नाही. खोक्यावरचा हा आकडा बाजूला ठेवून तापमान स्थिर राहते का, वाटीचा आकार कोणता, सुटे भाग मिळतात का, हे विचारावे. त्यासाठी तीन हजार जास्त दिले तर ते सार्थकी लागतील.

खरा खर्च जात्याचा

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. यंत्र घेताना बहुतेक घरे ज्या वस्तूचा हिशेबच करत नाहीत, ती म्हणजे कॉफी दळण्याचा ग्राइंडर.

पाणी पूडीतून किती वेगाने जाईल हे पूड किती बारीक आहे त्यावर ठरते. जाड असेल तर पाणी वाहून जाते आणि कॉफी पातळ, आंबट लागते. फार बारीक असेल तर पाणी अडते, थेंबथेंब गळते आणि कॉफी कडवट होते. या दोन टोकांमधली जागा अगदी अरुंद आहे, आणि ती प्रत्येक पाकिटागणिक थोडी सरकते.

एका स्नेह्यांच्या घरी आम्ही हे करून पाहिले. यंत्र पंपाचे, मध्यम किमतीचे. आधी महिनाभर उघडे असलेले तयार पूडीचे पाकीट वापरले. आठ सेकंदांत कप भरला आणि चव चहाच्या धोवणासारखी. मग ताज्या बिया मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवल्या. एकदा बारा सेकंद लागले, दुसऱ्यांदा वीस. दोन्ही कप वेगळे आणि दोन्हीत करपट चव. शेवटी तीच बी हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दळली. पहिल्या खेपेला पाणी अडले, दोन घरे जाड केल्यावर थोडे सुटले, आणि तिसऱ्यांदा २८ सेकंदांत मधासारखी धार लागली. यंत्र तेच, बी तीच, माणूसही तोच.

याचे कारण आपल्या आजीला लगेच कळले असते. मिक्सरचे पाते बी तोडते, त्यामुळे काही तुकडे मोठे राहतात आणि काहींची भुकटी होते. जात्याच्या दोन तळ्यांतून धान्य सारखे दळून निघते. कॉफीच्या चांगल्या ग्राइंडरमध्येही अशीच दोन दातेरी चक्रे असतात आणि त्यांतले अंतर कमीजास्त करता येते. इंग्रजीत त्याला बर ग्राइंडर म्हणतात. एस्प्रेसोइतके बारीक दळणारा, हाताने फिरवायचा बरा ग्राइंडर साधारण पाच ते दहा हजारांत मिळतो. विजेवर चालणारा त्याच दर्जाचा घेतला तर किंमत दुप्पट-तिप्पट होते. दिवसाला दोन-तीन कप लागणाऱ्या घराला हाताचा पुरतो.

म्हणून आमचा साधा हिशेब असा. हातात वीस हजार असतील तर वीस हजारांचे यंत्र घेऊ नये. बारा-तेरा हजारांचे यंत्र, सहा हजारांचा ग्राइंडर आणि उरलेल्यात ताजी बी, दुधाचा जग व छोटा वजनकाटा घ्यावा. ही जोडी एकट्या महागड्या यंत्रापेक्षा चांगली कॉफी देईल.

दोन प्रकारच्या वाट्या

ग्राइंडर लगेच घेणे जमत नसेल तरी एक सोय असते. स्वस्त यंत्रांबरोबर बहुधा दुहेरी तळाची वाटी येते. वरून ती साध्या जाळीसारखी दिसते, पण खालच्या तळाला एकच बारीक छिद्र असते. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, त्यामुळे तयार पूड वापरली तरी फेस येतो. हा फेस खरा क्रेमा नव्हे, पण दुधाच्या कॉफीत फरक फारसा जाणवत नाही. सुरुवातीला हिच्यावर काम भागवता येते.

इकहेरी वाटीच्या तळाला शेकडो छिद्रे असतात आणि दाब फक्त नीट दळलेल्या पूडीमुळे तयार होतो. चव हिच्यातच खुलते. यंत्र घेताना त्याला इकहेरी वाटी बसते का आणि ती वेगळी विकत मिळते का, हे जरूर विचारावे. म्हणजे आज यंत्र आणि सहा महिन्यांनी ग्राइंडर असा टप्प्याटप्प्याने खर्च करता येतो. घरगुती यंत्रांत वाटीचा व्यास बहुधा ५१, ५४ किंवा ५८ मिलिमीटर असतो. डेलाँगी कंपनीची स्टिलोसा आणि डेडिका ही छोटी यंत्रे ५१ ची, तर गाजिया क्लासिक कॅफेतल्या यंत्रांप्रमाणे ५८ ची. ५८ च्या वाट्या आणि दाबण्याचे टँपर सहज मिळतात, ५१ चे थोडे शोधावे लागतात. पण केवळ या मोठ्या वाटीसाठी बजेट दुप्पट करू नये.

बी, पूड आणि चिकोरी

इन्स्टंट कॉफी या यंत्रात कधीही घालू नये. ती पाण्यात विरघळते आणि यंत्र चिकट होते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पूड घेताना पाकिटामागे पाहावे. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याच्या जवळपास चिकोरी असू शकते. फिल्टरमध्ये तिची मजा वेगळी, पण एस्प्रेसोच्या वाटीत ती पाणी अडवते.

पाकिटावर 'भाजल्याची तारीख' छापलेली बी घ्यावी आणि भाजल्यापासून आठवडाभरानंतर, महिना-दीड महिन्यात संपवावी. बी चिकमगळूरची असो, कोडगूची असो की अरकूची, ताजेपणा महत्त्वाचा. भारतात रोबस्टाचे पीक अरेबिकापेक्षा जास्त होते. थोडी रोबस्टा मिसळलेली बी स्वस्त पडते, फेस दाट देते आणि दुधात आपली चव राखते. मात्र तिच्यात कॅफिन अधिक असते. गरोदर भगिनींनी कॉफी घ्यावी की नाही आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुधाची वाफ

आपल्याकडे बहुतेक कॉफी दुधाचीच होणार, तेव्हा वाफेची नळी नीट पाहून घ्यावी. काही यंत्रांत नळीवर प्लास्टिक किंवा स्टीलचे जाड टोपण असते. ते आपोआप हवा ओढते आणि फेस पटकन होतो, पण साबणासारखा जाड. साध्या, बारीक छिद्राच्या नळीने सराव झाल्यावर मऊ, एकजीव फेस येतो. टोपण काढून टाकता येत असेल तर उत्तम.

दूध फ्रिजमधले थंड घ्यावे, जग निम्म्याहून कमी भरावा आणि हाताला जग धरवेनासा झाला की थांबावे. तेव्हा दूध ६० ते ६५ अंशांवर असते. उकळू दिले तर फेस बसतो आणि गोडवा जातो. स्वस्त यंत्रांत कॉफी आणि वाफ यांसाठी एकच तापक असतो. त्यामुळे वाफ काढल्यानंतर लगेच कॉफी काढू नये. नळीतून थोडे गरम पाणी सोडून यंत्र थंड होऊ द्यावे, नाहीतर पुढचा कप करपतो.

वीज, पाणी आणि गल्फचे यंत्र

ही यंत्रे साधारण १००० ते १४५० वॉटची असतात. मिक्सरच्या लहान प्लगवर फ्रिजच्या शेजारी लावण्यापेक्षा गिझर-ओव्हनचा १६ अँपिअरचा प्लग बरा. कोकणात किंवा जिथे विजेचा दाब वरखाली होतो तिथे स्टॅबिलायझरची चौकशी करावी.

गल्फमधून यंत्र आणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमिरात, ओमान, कतार, कुवेत येथील वीज आपल्यासारखीच, ५० हर्ट्झची आहे. फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे, आणि या पंपांची गती हर्ट्झवर अवलंबून असते. म्हणून तिथून घेताना यंत्राच्या तळाशी '५०/६० हर्ट्झ' लिहिले आहे का ते पाहावे. अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र आणूच नये. दुसरी गोष्ट वॉरंटीची. तिकडची वॉरंटी इथे चालेल असे गृहीत धरू नका. चार हजार वाचवून आणलेल्या यंत्राचा रबरी गॅस्केट इथे मिळाला नाही, तर ती बचत तिथेच संपते.

पाण्याचाही विचार हवा. बोअरवेलच्या जड पाण्याने तापकात क्षार बसतात आणि यंत्र निकामी होण्याचे ते मोठे कारण आहे. गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरावे आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दोन-तीन महिन्यांनी क्षार काढावेत.

खर्च की बचत?

'महिन्याभरात पैसे वसूल' असे विक्रेते सांगतात. आपण कागदावर मांडू. २५० ग्रॅम चांगली बी समजा ५०० रुपयांना आली. १६ ग्रॅमच्या हिशेबाने तिच्यात पंधरा कप होतात, म्हणजे कपाला ३३ रुपये. दूध धरून ४५. कॅफेत तोच कप २०० चा धरला तर कपामागे साधारण १५० वाचतात. वीस हजार वसूल व्हायला सुमारे १३३ कप लागतील. घरात आठवड्याला दोनदा बाहेरची कॉफी होत असेल, तर सव्वा वर्ष.

पण हा हिशेब बाहेर पिणे खरेच थांबले तरच खरा. दहा रुपयांचा चहा सोडून रोज दोन कप कॉफी सुरू झाली, तर महिन्याचा खर्च सहाशेवरून सत्तावीसशेवर जाईल. शौक म्हणून ते करायला हरकत नाही, मात्र तो शौक आहे हे घरात सगळ्यांना माहीत असावे. आणि शौकासाठी व्याजाचे हप्ते तर नकोतच. 'बिनव्याजी' म्हणवणाऱ्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असते, ते वाचून पाहावे. सहा महिने पैसे बाजूला टाकून घेतलेले यंत्र जास्त गोड लागते.

आणखी दोन प्रश्न घरातच विचारावेत. पहिला, किती जणांसाठी? छोटे यंत्र दुधासह एक कप करायला तीन-चार मिनिटे घेते. ईदच्या दिवशी दहा मेहमान बसले असतील तर शेवटच्याला अर्ध्या तासाने कप मिळेल. त्या दिवशी चहाची किटलीच कामाची. दुसरा, साफ कोण करणार? प्रत्येक कपानंतर वाटी झटकायची, नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची, ट्रे रोज धुवायचा. हे सगळे अम्मी किंवा भाभीच्या माथी पडणार असेल, तर यंत्र मागणाऱ्याने आधीच कबूल करावे की रोजची सफाई त्याची.

दोन हजारांतही चांगली कॉफी होते

एवढा खर्च नको असेल तर निराश होऊ नका. १९३३ मध्ये इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आलेला मोका पॉट गॅसवर चालतो. त्याचे नाव आपल्या मोखा बंदरावरूनच पडले. दाब दीड-दोन बारचाच, पण त्याची दाट कॉफी दुधात सुरेख लागते. चांगला पॉट दोन-तीन हजारांच्या आत येतो. अॅल्युमिनियमचा मात्र इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा घ्यावा. चार-पाच हजारांच्या वाफेच्या यंत्रापेक्षा आम्ही हाच सुचवू. बिघडायला त्यात रबरी रिंगेशिवाय काही नाही.

आणि यंत्रच घ्यायचे ठरले, तर दुकानात पाच गोष्टी विचारा. पंप आहे की वाफ? इकहेरी वाटी बसते का? वाटीचा व्यास किती? गॅस्केट कुठे मिळेल? आपल्या जिल्ह्यात दुरुस्ती होते का? विक्रेत्याला यातली तीन उत्तरे देता आली नाहीत, तर सलाम करून पुढच्या दुकानात जावे. पैसे आपल्याच खिशात आहेत, घाई त्याला आहे.